बटण-स्टार्ट गाडी हाती घेताना : बटणाची जागा, सवयी आणि सुरक्षितता

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता मध्यम किमतीच्या गाड्यांमध्येही बटण-स्टार्ट सर्रास मिळते. शोरूममध्ये गाडी ताब्यात देताना त्याविषयी जे सांगितले जाते, ते मात्र बहुधा "ब्रेक दाबा, बटण दाबा, झाली सुरू" एवढ्यावर संपते. हार, नारळ, पेढे आणि फोटो यांच्या गडबडीत तेवढे पुरेसेही वाटते. आमच्या घरी अशी गाडी आल्यावर वडिलांना, वहिनींना आणि नंतर गावाकडच्या चुलतभावांना ती शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. तेव्हा दिसले की गाडी सुरू करायला कोणालाच अडचण येत नाही. अडचण येते ती गाडी खरोखर बंद झाली की नाही हे ओळखताना, चालत्या गाडीत काही बिघडले तर काय करायचे हे ठरवताना आणि चावी नेमकी कोणाजवळ आहे हे लक्षात ठेवताना. ज्यांच्या हाताला वर्षानुवर्षे चावी फिरवण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी हे टप्पे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात करण्यापूर्वी पुढील गोष्टी जवळ घेऊन बसा :

- गाडीसोबत मिळालेले मालकाचे पुस्तक (ओनर्स मॅन्युअल). त्यातील इंजिन सुरू-बंद करण्याचे आणि "आणीबाणी" या विषयाचे पान दुमडून ठेवा.
- दोन्ही रिमोट-चाव्या आणि प्रत्येकीच्या पोटात दडलेली धातूची छोटी चावी.
- चावीच्या क्रमांकाचा बिल्ला किंवा कार्ड मिळाले असल्यास ते. हे गाडीत न ठेवता घरी कागदपत्रांसोबत ठेवा.
- चावीत बसणारा एक जादा सेल.

१. बटण नेमके काय करते, ते आधी समजून घ्या

जुनी चावी एकटीच चार कामे करत होती. ती गाडी सुरू करण्याची परवानगी देत होती, स्टिअरिंगचे कुलूप सोडत होती, विजेची जोडणी करत किंवा तोडत होती, आणि ती हातात परत आली म्हणजे गाडी बंद झाली हे निश्चित कळत होते. बटण-स्टार्टमध्ये ही चारही कामे वेगवेगळी झाली आहेत. परवानगीचे काम खिशातल्या रिमोट-चावीकडे गेले. बटण दाबले की गाडीत ठिकठिकाणी बसवलेले अँटेना कमी वारंवारतेचा संदेश सोडतात, चावी त्याला जास्त वारंवारतेवर सांकेतिक उत्तर देते, आणि ते उत्तर जुळले तरच इमोबिलायझर, म्हणजे चोरी टाळण्यासाठी इंजिन अडवून धरणारी यंत्रणा, इंजिन सुरू होऊ देतो. बटण स्वतः वीज तोडत किंवा जोडत नाही. ते गाडीच्या संगणकाला विनंती करते, आणि गाडी उभी आहे की धावते आहे, गिअर कोणता आहे, ब्रेक किंवा क्लच दाबलेला आहे का, हे सारे पाहून संगणक त्या विनंतीचे काय करायचे ते ठरवतो. म्हणून एकच बटण वेगवेगळ्या वेळी दाबल्यावर वेगवेगळे परिणाम होतात, आणि पुढच्या जवळजवळ सर्व सूचना याच कारणाने द्याव्या लागतात.

घरासमोर गाडी उभी असताना हे स्वतः करून पाहा. पाय पेडलवर न ठेवता बटण एकदा दाबा : बहुतेक गाड्यांत रेडिओ आणि चार्जरपुरती वीज मिळते. दुसऱ्यांदा दाबा : डॅशबोर्डवरचे सर्व दिवे लागतात, पण इंजिन सुरू होत नाही. तिसऱ्यांदा दाबा : सारे बंद होते. आता ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रेक आणि मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण दाबा. अनेक गाड्यांत बटणावरचा छोटा दिवा पिवळसर असतो तो या वेळी हिरवा होतो, म्हणजे गाडी सुरू होण्यास तयार आहे. तुमच्या गाडीतील रंग वेगळे असतील तर ते पुस्तकात पाहून घरातल्या प्रत्येक चालकाला दाखवा.

२. बटणाची जागा बसून, पट्टा लावून तपासा

बटण कोठे असावे याविषयी सर्व कंपन्यांचे एकमत नाही. काही गाड्यांत ते स्टिअरिंगच्या उजवीकडे, दाराच्या बाजूला असते, काहींत डावीकडे, एसीच्या जाळीजवळ, तर काहींत खाली गिअरच्या शेजारी असते. या प्रत्येक जागेचा फायदा आहे आणि तोटाही आहे. गाडी पसंत करताना रंग, सनरूफ आणि मायलेज यांची चर्चा तासभर होते, तेव्हा या एका बटणासाठी पाच मिनिटे दिली जावीत, असे मला मनापासून वाटते.

सुरू-बंद करण्याची जागा ही सुरक्षिततेची बाब आहे, हे चावीच्या काळापासून दिसत आले आहे. स्वीडनच्या साब कंपनीने चावीचे कुलूप वर्षानुवर्षे दोन पुढच्या सीटांच्या मध्ये ठेवले. टकरीत चालकाचा गुडघा स्टिअरिंगजवळच्या चावीवर आदळून इजा होऊ नये, हे त्यामागचे एक कारण सांगितले जात असे. अमेरिकेत जनरल मोटर्सला २०१४ मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण जड जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने चावी आपोआप मागे फिरत होती, इंजिन बंद पडत होते आणि त्यामुळे अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडत नव्हत्या. बटणाने हा धोका घालवला, पण बटण चुकीच्या जागी असेल तर दुसरा धोका उभा राहतो. लिंकन एमकेसी या गाडीत गिअरसाठी दांडा नव्हता. पडद्याशेजारी बटणांची एक उभी रांग होती आणि इंजिनाचे बटण त्याच रांगेत सर्वात खाली, 'स्पोर्ट' बटणाला लागून होते. दुसरे काही दाबायला गेलेले चालक धावत्या गाडीत इंजिनच बंद करू लागले. शेवटी २०१४ मध्ये फोर्ड कंपनीने १३ हजारांहून अधिक गाड्या परत बोलावून ते बटण रांगेच्या वरच्या टोकाला हलवले.

तुमच्या गाडीत पुढील गोष्टी पाहा. सीट तुमच्या उंचीप्रमाणे लावून आणि पट्टा बांधून, नजर समोर ठेवून बटणाला हात लावता येतो का? स्टिअरिंग अर्धे फिरवलेले असताना त्याची आडवी दांडी बटणाला झाकते का? एसी, इशारा-दिवे किंवा ट्रॅक्शन कंट्रोल यांची तशाच आकाराची बटणे लगत आहेत का? अंधारात ते उजळते का? घरात दोन-तीन जण गाडी चालवत असतील तर प्रत्येकाने हे स्वतः बसून पाहावे, कारण पाच फूट उंचीच्या आणि सहा फूट उंचीच्या माणसाला तेच बटण वेगळ्या जागी भासते.

डावीकडच्या बटणापर्यंत शेजारी बसणाऱ्याचाही हात पोहोचतो. चालकाला भोवळ आली, तर शेजारच्याला इंजिन बंद करता येते, हा मोठा फायदा आहे. पण मांडीवर बसलेल्या मुलाचाही हात तेथेच पोहोचतो. मुलाला पुढे मांडीवर बसवणे एअरबॅगमुळे तसेही जिवावर बेतणारे आहे, त्यात आता हे दुसरे कारण मिळाले. मुलांची जागा मागच्या सीटवर, पट्ट्यात. उजवीकडचे बटण मुलांपासून दूर राहते, परंतु गरजेच्या वेळी शेजारच्याला ते दिसतही नाही. तुमच्या गाडीत ते उजवीकडे असेल, तर नेहमी शेजारी बसणाऱ्या व्यक्तीला ते कोठे आहे हे मुद्दाम दाखवून ठेवा.

बटणाभोवती काय लावले जाते, तेही पाहायला हवे. सजावटीच्या दुकानांत बटणावर चिकटवायची उघडझाप होणारी झाकणे आणि जाड कडी मिळतात. ती लावू नका. आणीबाणीत बटण दाबण्यापूर्वी झाकण उघडण्याचा आणखी एक टप्पा त्यामुळे वाढतो, आणि सेल संपलेली चावी बटणाला टेकवून गाडी सुरू करायची वेळ आली, तर जाड कड्यामुळे चावी नीट टेकत नाही. मोबाइलचा स्टँड, अत्तराची बाटली आणि चार्जरची लोंबती वायर यांचेही तसेच. डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती बसवायची असेल, तर ती बटणाच्या आणि एअरबॅगच्या आड येणार नाही अशी जागा शोधा.

३. सुरू करण्याचा क्रम

चावी आत आहे याची खात्री करा, पट्टा बांधा, हँडब्रेक ओढलेला आहे हे पाहा, गिअर न्यूट्रल किंवा 'पी'मध्ये (ऑटोमॅटिकमधील पार्किंग) ठेवा, पेडल पूर्ण दाबा आणि बटण एकदाच दाबून सोडा. पेडल अर्धवट दाबले गेले तर इंजिन सुरू न होता केवळ दिवे लागतात आणि नवा चालक गोंधळून बटण पुन्हा पुन्हा दाबत राहतो. तसे झाल्यास थांबा, बटणाने सर्व काही बंद करा आणि पहिल्यापासून करा.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत इंजिनाचा आवाज येत नाही. डॅशबोर्डवर 'रेडी' असा शब्द किंवा तशी खूण दिसली की गाडी सुरू आहे, असे समजावे. त्या अवस्थेत ॲक्सिलरेटरवर पाय पडला तर गाडी निमूटपणे पुढे जाते.

४. बंद करण्याचा क्रम, आणि ती बंद झाली याची खात्री

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून हा क्रम पाठ करावा : ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवा, हँडब्रेक ओढा, ऑटोमॅटिक असेल तर गिअर 'पी'मध्ये न्या, मॅन्युअल असेल तर सपाट जागी आणि उतारावरही क्लच दाबून गिअर लावा, मग बटण दाबा, डॅशबोर्ड काळा झाला हे डोळ्यांनी पाहा आणि चावी घेऊन उतरा.

ऑटोमॅटिक गाडीत 'डी'मध्ये (ड्राइव्ह) असतानाच बटण दाबले, तर अनेक गाड्यांत इंजिन थांबते पण वीज पूर्ण बंद होत नाही. रेडिओपुरती ती चालू राहते आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की 'पी' न लावलेली आणि हँडब्रेक न ओढलेली गाडी उतारावर घरंगळू शकते. चावीच्या ऑटोमॅटिक गाडीत 'पी'शिवाय चावी बाहेरच येत नसे, त्यामुळे विसरणाऱ्याला गाडी स्वतःच अडवत असे. बटणाच्या गाडीत तुम्हाला केवळ सूचनेचा आवाज ऐकू येतो आणि तो बाजारपेठेच्या कोलाहलात सहज हरवतो.

सिग्नलवर आपोआप इंजिन थांबवणारी यंत्रणा हा दुसरा सापळा आहे. समजा जळगावच्या आकाशवाणी चौकात थांबलेल्या गाडीचे इंजिन आपोआप शांत होते, त्याच सवयीने चालक दुकानासमोर थांबतो, इंजिन शांत असल्यामुळे गाडी बंद आहे असे समजून उतरतो आणि गाडी प्रत्यक्षात चालूच राहते. शांतता म्हणजे गाडी बंद, हे समीकरण डोक्यातून काढून टाका आणि काळ्या डॅशबोर्डवरच विश्वास ठेवा.

बंदिस्त जागेत मात्र ही चूक जीव घेऊ शकते. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. घराला जोडून असलेल्या गॅरेजमध्ये बटणाची गाडी चालू राहिल्यामुळे अमेरिकेत २००६ नंतर दोन डझनांहून अधिक लोक मरण पावल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर टोयोटाने तेथील २०२० च्या मॉडेलपासून ठरावीक वेळाने इंजिन आपोआप बंद होण्याची सोय जाहीर केली. आपल्याकडे बहुतेक गाड्या अंगणात किंवा मोकळ्या पोर्चमध्ये उभ्या असतात, ही त्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे. तरी नव्या कॉलन्यांत तळमजल्यावर शटर लावून गाडी ठेवणारी घरे वाढत आहेत, आणि व्यापारी मंडळी कापसाच्या किंवा धान्याच्या गोदामातच गाडी आत घेऊन शटर ओढतात. वर माणसे झोपत असतील तर शटर ओढण्यापूर्वी बॉनेटजवळ क्षणभर उभे राहून कानोसा घ्या आणि आतला डॅशबोर्ड काचेतून पुन्हा पाहा. हायब्रिड गाडीच्या बाबतीत हे दुप्पट काळजीने करा, कारण 'रेडी' अवस्थेत सोडलेल्या गाडीचे इंजिन त्या क्षणी शांत असले, तरी बॅटरी उतरताच ते स्वतःहून सुरू होते.

वैशाखातल्या भुसावळ-जळगावच्या उन्हात मुलांना किंवा वृद्धांना एसी लावून गाडीत बसवून जाण्याचा मोह होतो. बटणाच्या गाडीत तो अधिक धोक्याचा आहे. चावी आत ठेवावी तर मूल बटण दाबू शकते, आणि चावी घेऊन गेलात तर काही कारणाने बंद पडलेले इंजिन आत बसलेल्याला पुन्हा सुरू करता येत नाही. त्या तापमानात बंद गाडी काही मिनिटांत असह्य होते. सर्वांना सोबत उतरवा.

५. धावत्या गाडीत आणीबाणी आली तर

२८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोजवळ सँटी येथे एक लेक्सस गाडी बेफाम वेगाने जाऊन तिच्यातील चौघेही दगावले. चालक हा महामार्ग पोलीस दलातील अनुभवी अधिकारी होता. गाडी त्याची स्वतःची नव्हती, डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली होती. दुसऱ्या मॉडेलच्या मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकला होता. त्या गाडीचे इंजिन धावताना बंद करायचे तर बटण सुमारे ३ सेकंद दाबून धरावे लागत होते. घाबरलेला माणूस बटण एकदा दाबतो, फार तर पुन्हा एकदा दाबतो, पण कोणी सांगितल्याशिवाय ते दाबून धरत नाही. या घटनेनंतर बटणाची वागणूक सर्व गाड्यांत सारखी असावी, ही मागणी जोर धरू लागली आणि अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने डिसेंबर २०११ मध्ये अर्धा सेकंद दाबल्यावर इंजिन थांबावे, असा नियम प्रस्तावित केला.

आजच्या बहुतेक गाड्यांत धावते इंजिन बंद करण्याच्या दोन रीती असतात : बटण २ ते ३ सेकंद दाबून धरणे, किंवा ते झपाट्याने ३ किंवा अधिक वेळा दाबणे. तुमच्या गाडीची रीत पुस्तकात शोधा, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि सनवायझरच्या मागे चिकटवा.

ॲक्सिलरेटर अडकला तर बटण हा पहिला उपाय नाही. क्रम असा ठेवा. आधी ब्रेक पूर्ण ताकदीने, एकदाच आणि न सोडता दाबा. ब्रेक पुन्हा पुन्हा सोडून दाबल्यास ब्रेकला जोर पुरवणाऱ्या बूस्टरमधला निर्वात संपतो आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. त्याच वेळी गिअर न्यूट्रलमध्ये न्या किंवा क्लच दाबा. इंजिन मोठ्याने ओरडेल, ते ओरडू द्या. गाडी कडेला घेऊन थांबवा आणि मग बटणाने बंद करा. न्यूट्रल लागत नसेल आणि गाडी आवरत नसेल, तरच धावताना बटण वापरा. इंजिन थांबताच स्टिअरिंग जड होईल आणि ब्रेकला एक-दोन दाबांपुरतीच मदत उरेल, हे लक्षात घेऊन दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवा.

हा प्रयोग रस्त्यावर करून पाहू नका. गाडी उभी आणि बंद असताना, नजर समोर ठेवून, हात बटणापर्यंत नेऊन मनात तीन मोजण्याचा सराव करा. तेवढा पुरतो. चालकाच्या बाजूला एकावर एक दोन मॅट कधीच टाकू नका आणि मॅटचे हूक जमिनीतल्या खुंट्यांत अडकले आहेत हे प्रत्येक वॉशिंगनंतर पाहा.

घाटाविषयी एक सूचना. कन्नड घाटातून चाळीसगावकडे उतरताना, कोंडाईबारीत किंवा पळासनेरच्या पुढे बिजासन घाटात डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडण्याची जुनी खोड काही चालकांना आहे. ती चावीच्या गाडीतही घातकच होती. बटणाच्या गाडीत वरच्यासारखीच ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते, इंजिनाचे ब्रेकिंग जाते, आणि इंजिन पुन्हा सुरू करण्याची रीत त्या घाईत आठवत नाही. खालचा गिअर लावा आणि इंजिन चालू ठेवूनच उतरा.

अपघातग्रस्त गाडीला मदत करायला थांबलात, तर आधी बटणाने ती बंद करा, हँडब्रेक ओढा आणि चावी सापडल्यास गाडीपासून लांब नेऊन ठेवा. चावी जवळ असेपर्यंत गाडी पुन्हा सुरू होऊ शकते.

६. निघण्यापूर्वी चावी कोणाजवळ आहे ते विचारा

इंजिन सुरू झाल्यावर चावी गाडीबाहेर गेली तरी ते थांबत नाही. सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे, कारण चावीचा सेल संपला म्हणून महामार्गावर गाडी बंद पडणे परवडणारे नाही. पण त्यातून पुढील प्रसंग घडतो. नवरा-बायको जळगावहून धुळ्याकडे निघतात. चावी नवऱ्याच्या खिशात असते. तो एरंडोलला कामासाठी उतरतो आणि बायको गाडी पुढे घेऊन जाते. सूचनेचा आवाज होतो, पडद्यावर चावीची खूण लुकलुकते, गाण्यांच्या आवाजात दोन्ही निसटते. पारोळ्याला चहासाठी गाडी बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. आमच्या घरात आता गाडी हलण्यापूर्वी "चावी कोनाजोडे शे?" हा प्रश्न मोठ्याने विचारला जातो आणि जो चालवणार त्याच्याच खिशात चावी जाते. ती दुसऱ्याच्या पर्समध्ये किंवा मागच्या सीटवरच्या पिशवीत ठेवायची नाही, हा नियम आहे.

लग्नसराईत किंवा सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत गाडी लावायला दुसऱ्याकडे देता, तेव्हा चावी परत आली का हे लगेच पाहा. जादा चावी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवणे म्हणजे दार उघडणाऱ्या कोणालाही गाडी देणे होय. चावी डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, कारण सेल आणि आतले इलेक्ट्रॉनिक सर्किट दोन्ही उष्णतेने खराब होतात. केळीच्या बागेत पाणी धरायला जाताना ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नका. मोबाइलला चिकटून ठेवल्यास कधीकधी ती ओळखली जात नाही, म्हणून दोन्ही वेगळ्या खिशांत ठेवा. घरी चावी रस्त्याकडच्या खिडकीजवळ किंवा दारामागच्या खिळ्यावर टांगण्याऐवजी आतल्या खोलीत ठेवा. चावीचा संदेश यंत्राने लांबवून गाडी पळवण्याचे प्रकार जगभर झाले आहेत, आणि अंतर हा त्यावरचा बिनखर्ची उपाय आहे.

घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर गाडीतील संदेश सोडणारे अँटेना कोठे आहेत हे पुस्तकातून पाहा आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

७. चावीचा सेल संपला तर

बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. चावी उघडून क्रमांक वाचा आणि एक सेल आणून ठेवा. दार लांबून उघडेनासे झाले किंवा पडद्यावर सेलची सूचना आली, की त्याच आठवड्यात बदला.

तो वाटेतच संपला तर घाबरू नका. चावीतली धातूची चावी ओढून काढा आणि चालकाचे दार उघडा. अलार्म वाजू शकतो, तो गाडी सुरू झाल्यावर थांबतो. पेडल दाबा आणि चावीचे टोक बटणाला टेकवून बटण दाबा. चावीत सेलशिवाय चालणारी एक चिप असते आणि बटणाजवळची तार तिला अगदी जवळून वाचते. काही गाड्यांत टेकवण्याची जागा वेगळी असते, उदाहरणार्थ कप ठेवण्याचा खळगा किंवा एखादी खाच. तुमच्या गाडीतील जागा आजच शोधा.

चावी ठीक असूनही गाडी सुरू होत नसेल तर दोन साधी कारणे पाहा. चाक फूटपाथला दाबून उभे असेल तर स्टिअरिंगचे कुलूप सुटत नाही. स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत बटण दाबा. ब्रेकचे पेडल घट्ट झाले असेल तर ते पुरेसे खाली जात नाही. नेहमीपेक्षा जोराने दाबा. मुख्य बॅटरीच उतरली असेल तर जंपर केबल वापरा. ऑटोमॅटिक गाडी धक्का देऊन सुरू होत नाही.

८. बाहेरून बसवलेल्या बटणाविषयी

चावीच्या गाडीला बटणाचे किट बसवून देणारी दुकाने आता तालुक्याच्या गावीही आहेत. माझा सल्ला स्पष्ट आहे : बसवू नका. कारणेही सांगतो. मूळ इमोबिलायझर चुकवण्यासाठी पुष्कळदा गाडीची एक खरी चिप-चावी स्टिअरिंगखालीच कायमची लपवली जाते, म्हणजे चोरीपासून संरक्षण देणारी यंत्रणा चोराच्या सोयीची होते. स्टिअरिंगचे यांत्रिक कुलूप काढून टाकले जाते, किंवा ते तसेच राहिले तर चालत्या गाडीत अडकण्याची भीती राहते. स्वस्त किटमध्ये क्लच किंवा ब्रेकची अट नसते, म्हणून गिअरमध्ये उभी गाडी बटणाच्या स्पर्शाने उडी घेते. काहींत धावताना एकदाच बटण लागले तरी इंजिन बंद पडते. कारखान्यात बसवलेल्या बटणामागे संगणक जी तपासणी करतो, ती येथे कोणीच करत नाही. शिवाय वायरिंग कापल्यावर कंपनीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि आग किंवा चोरीच्या विमा दाव्यात हा बदल अडचणीचा ठरू शकतो. आधीच बसवलेले असेल तर निदान चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून क्लच-ब्रेकची अट जोडून घ्या, लपवलेली चावी काढा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

९. दुसऱ्याची किंवा जुनी गाडी घेताना, आणि चावी हरवल्यावर

कोणाचीही गाडी एका दिवसासाठी चालवायला घेतली, तरी जागेवर बसूनच तीन गोष्टी विचारा : बटण कोठे आहे, धावताना ते कसे बंद होते, आणि 'पी' किंवा हँडब्रेक कसा लागतो. विजेवर चालणारा हँडब्रेक हे आणखी एक छोटे बटणच असते.

जुनी गाडी विकत घेताना दोन्ही रिमोट-चाव्या मागा आणि प्रत्येकीने गाडी सुरू करून पाहा. एकच मिळत असेल तर किंमत ठरवताना ते धरा, कारण नवी रिमोट-चावी आणि तिची नोंदणी यांचा खर्च साध्या चावीच्या कितीतरी पट असतो. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या सामान्यतः सर्व मूळ चाव्या मागतात, हेही ध्यानात ठेवा.

हरवलेल्या चावीसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाताना पुढील कागद न्या. नियम कंपनीनुसार थोडे वेगळे असतात, म्हणून आधी फोन करा.

- आरसी आणि विम्याची प्रत.
- मालकाचे ओळखपत्र. मालक स्वतः येऊ शकत नसेल तर सहीचे अधिकारपत्र.
- चावी हरवल्याची पोलीस ठाण्यातील नोंद.
- चावीच्या क्रमांकाचा बिल्ला किंवा कार्ड.
- उरलेली चावी.

उरलेली चावी नेण्याचे विसरू नका. नवी चावी नोंदवताना हरवलेली चावी गाडीच्या स्मरणातून पुसून टाकण्यास स्पष्ट शब्दांत सांगा, कारण अनेक यंत्रणांत त्या वेळी समोर असलेल्या चाव्याच पुन्हा नोंदवल्या जातात. काम झाल्यावर तेथेच दोन्ही चाव्यांनी आळीपाळीने गाडी सुरू करून पाहा, सेलशिवाय बटणाला टेकवूनही पाहा, आणि जुनी चावी रद्द केल्याचा उल्लेख जॉब कार्डवर लिहून घेतल्याशिवाय बिल देऊ नका.